राखीव म्हणून बोलावलेला माणूस

त्याला सगळे मशीनवाला म्हणत. शिवणाची मशीनं दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. पत्र्याच्या पेटीत पेचकस, पक्कड, तेलाची कुपी, थोडे बॉबिन आणि चामड्याचे पट्टे घेऊन तो घरोघर आणि लहानमोठ्या कारखान्यांत फिरायचा. हात चांगला होता, जीभ तिखट होती. टाका सुटतो म्हणून कुणी बोलावलं, तर मशीन कसं वापरू नये यावर तो आधी त्या माणसाची हजेरी घ्यायचा आणि मगच पेटी उघडायचा. लोक ऐकून घेत, कारण त्यानं हात लावलेलं मशीन पुढे वर्षभर कुरकुरत नसे.

सेहेचाळिसाव्या वर्षी त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आधी पाय सुजले, मग चेहरा. बायकोनं ढकलत दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टर त्याच्याशी कमी आणि तिच्याशीच जास्त बोलले. तेव्हापासून मंगळवार, गुरुवार आणि शनिवार सकाळी सात ते अकरा तो डायलिसिसच्या खुर्चीत पडून राहू लागला. जन्मभर मशीनं दुरुस्त केली आणि शेवटी मशीनलाच बांधला गेलो, असं तो स्वतःच म्हणायचा. पहिले काही महिने लोक त्यावर हसत. नंतर तोही म्हणेनासा झाला.

ती खोली लांबट होती. दोन्ही भिंतींना टेकून चार-चार खुर्च्या, प्रत्येकीशेजारी माणसाच्या उंचीचं यंत्र, आणि हवेत व्हिनेगरसारखा आंबट वास. आत शिरताना वजन करायचं, बाहेर पडताना पुन्हा वजन करायचं. मधल्या चार तासांत अंगातलं साठलेलं पाणी निघून जायचं आणि त्याच्याबरोबर आणखीही काहीतरी निघून जायचं, ज्याला नाव नव्हतं. घरी येऊन तो पलंगावर पडायचा, तो थेट संध्याकाळी उठायचा. पिळून दोरीवर टाकलेल्या फडक्यासारखी गत. दुसऱ्या दिवशी जरा हुशारी वाटे, पेटी उचलून दोन-तीन कामं व्हायची, की लगेच पुन्हा खुर्चीचा दिवस उगवलेला.

पाण्याचा नियम सगळ्यांत जाचक होता. दिवसाला एक लिटर, त्यातच चहा, त्यातच गोळ्या गिळायचं पाणी. मशीनवाल्याला हे कधी जमलं नाही. बायको मोजून बाटली भरून द्यायची आणि हा कारखान्यातल्या नळाला ओंजळ लावायचा. वजनकाट्यावर उभा राहिला की चोरी उघडी पडे. सिस्टर म्हणायची, काका, चार किलो पाणी आणलंत, आता पायात गोळे आले तर ओरडू नका. गोळे यायचेच आणि हा ओरडायचाच. फळं खायची नाहीत, तर तो केळं खाऊन यायचा. महिन्या-दीड महिन्यातून एखादी दांडीही मारायचा. कारण विचारलं तर काम होतं म्हणून सांगायचा. खरं कारण एवढंच असायचं की त्या दिवशी स्वतःच्या पलंगावरून उठणं त्याच्या जिवावर आलेलं असे.

त्याच्या शेजारच्या खुर्चीत बाई असत. एकतीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, थोरल्या बहिणीबरोबर राहणाऱ्या. त्या त्याच्या आधी दोन वर्षांपासून तिथे येत होत्या आणि त्यांची एकही खेप चुकलेली नव्हती. पाणी त्या औषधाच्या मापानं मोजून प्यायच्या. काट्यावर त्यांचं वजन सिस्टरनं मनात धरलेल्या आकड्यावरच थांबायचं. डाव्या दंडातल्या सुया सांभाळत, उजव्या हातानं पानं उलटत त्या चार तास बायबल वाचायच्या. रविवारी चर्चमध्ये मुलांचा वर्गही घेत असत, खुर्चीवर बसून का होईना.

मशीनवाला लहानपणी आईबरोबर चर्चला जायचा. पुढे सुटलं. त्याला काही मोठं कारण घडलं नव्हतं. एका रविवारी तातडीच्या कामामुळे गेला नाही, पुढच्या रविवारी कंटाळा केला, आणि तिसऱ्या रविवारी आपण आलो नाही हे कुणाच्या लक्षातही आलं नाही याचा त्याला राग आला. तो राग त्यानं सोळा वर्षं पाळला.

खोलीतला टीव्ही बिघडला म्हणून त्या दोघांचं बोलणं सुरू झालं. त्यानं विचारलं, बाई, रोज रोज तेच काय वाचता? बाईंनी वर न बघता सांगितलं की रोज तेच नसतं, आणि हवं तर मोठ्यानं वाचते. मग त्या वाचू लागल्या, आणि वाचून झालं की आपल्या शब्दांत समजावूनही सांगू लागल्या. सवय होती.

त्याला सगळ्यांत आवडली ती मफीबोशेथची गोष्ट. तो शौल राजाचा नातू. शौलाच्या घराण्याचं राज्य गेलं त्या धांदलीत दाईच्या हातून पडला आणि दोन्ही पायांनी लंगडा झाला. मोठेपणी कुठल्याशा आडगावी तोंड लपवून राहत होता, कारण आता राजा दावीद होता आणि जुन्या राजाचा वंश शिल्लक ठेवण्याची कुठल्याच नव्या राजाला गरज नसते. एक दिवस दावीदाचं बोलावणं आलं. हा भीतीनं जमिनीवर पालथा पडला. आणि दावीदानं काय केलं, तर रोज आपल्याच पंगतीला जेवायला बसायला सांगितलं, मुलांच्या बरोबरीनं. मफीबोशेथच्या बापाला दावीदानं कधीतरी शब्द दिला होता, तेवढ्यासाठी.

"मग पुढे त्यानं दावीदासाठी काय केलं?" मशीनवाल्यानं विचारलं.

"काही नाही. जेवला."

"आणि पाय?"

"लंगडेच राहिले."

मशीनवाला हसला. पुढचे कित्येक दिवस लहर आली की तो म्हणायचा, बाई, त्या जेवणाऱ्याचं वाचा.

याकोब आणि एसावाची गोष्ट मात्र त्याला पटली नाही. जुळे भाऊ, अजून आईच्या पोटात आहेत, दोघांनी बरंही केलेलं नाही नि वाईटही नाही, आणि देवानं ठरवून टाकलं की धाकटा माझा. बरं, धाकटा काय गुणाचा निघाला? आंधळ्या बापाला फसवून थोरल्याचा आशीर्वाद लाटणारा. मशीनवाल्यानं स्पष्ट सांगितलं की असा न्याय त्याच्या धंद्यात कुणी केला तर गिऱ्हाईक पेटी रस्त्यावर फेकील. बाईंनी तो शाळेतला मुलगा असल्यासारखं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की हेच तर सांगायचं आहे. निवड गुण बघून झाली असती तर ती मजुरी झाली असती. कृपा म्हणजे जी कमावता येत नाही ती. हे त्या इतक्या सराईतपणे बोलल्या की त्याला वाद घालायला जागाच राहिली नाही. तो डोळे मिटून पडला. त्याला त्या क्षणी आपला थोरला भाऊ आठवला होता.

भावाच्या तपासण्या झाल्या होत्या. किडनी जुळत होती. तारीख धरायचं चाललं होतं, आणि एका संध्याकाळी भाऊ आला, दारातच उभा राहिला, मुलं लहान आहेत म्हणाला आणि गेला. मुलं लहान नव्हती. थोरली मुलगी लग्नाची होती. त्यानंतर भाऊ आला नाही आणि यानंही बोलावलं नाही. त्याला काय काय सुनवायचं, याची वाक्यं मात्र तो खुर्चीत पडल्या पडल्या जुळवायचा. तीन वर्षांत पुष्कळ जुळली होती.

भावाचा रस्ता बंद झाल्यावर त्याचं नाव यादीत गेलं. अपघातानं किंवा आजारानं कुणाचा मेंदू मरतो, घरचे तयार होतात, आणि त्या माणसाच्या किडन्या यादीतल्या दोघांना मिळतात. बाईंचंही नाव त्याच यादीत होतं, दोघांचा रक्तगटही एकच. बाई पुढे, तो मागे. त्याबद्दल तो चेष्टा करायचा, की बाई, तुमची गाडी गेल्याशिवाय माझा नंबर नाही, तेव्हा लवकर निघा.

बुधवारचा दिवस होता. आदल्या दिवशी, मंगळवारी, त्यानं दांडी मारली होती. सकाळी पावणेदहाच्या सुमाराला एका शिवणाच्या कारखान्यात तो मशीनखाली उताणा पडून पायानं दाबायचा पायटा बसवत होता आणि फोन वाजला. दवाखान्यातून होता. एक किडनी आहे, तुम्हाला राखीव म्हणून बोलावतोय, पहिल्या माणसाशी जुळली नाही तर तुमचा विचार होईल, काही खाऊ नका, पिऊ नका, लगेच निघा. तो तसाच तेलकट हातांनी निघाला. पेटी तिथेच राहिली.

तो पोचला तेव्हा बाई आधीच येऊन बसल्या होत्या. कडक इस्त्रीची साडी, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत टूथब्रश, टॉवेल आणि बायबल. त्यांना बघून त्याला बरंच वाटलं. पहिला माणूस कोण, हे त्याला न सांगता कळलं. तो मनात म्हणाला, चला, आपण दुपारी घरी.

दोघांचं रक्त काढून नेलं. देणाऱ्याच्या पेशी आणि घेणाऱ्याचं रक्त एकत्र करून बघतात. रक्त त्या पेशींवर तुटून पडलं तर ती किडनी त्या अंगात टिकत नाही. याला चार-पाच तास लागतात. तेवढा वेळ ते दोघं आणि त्याची बायको दवाखान्याच्या बोळातल्या लोखंडी खुर्च्यांवर बसून राहिले. बायको लाँड्रीत इस्त्रीचं काम करायची, ती कामावरून तशीच आली होती. बाईंची बहीण गुडघ्यांनी आजारी, ती घरी फोनपाशी बसून होती.

समोरच्या दारातून माणसं ये-जा करत होती. मध्येच एक कुटुंब बाहेर आलं. पुढे एक वयस्क बाई होती, तिला दोघांनी धरलं होतं आणि तिच्या हातात पुरुषाचे बूट होते. किडनी देणाऱ्याची माणसं तीच की दुसरी कुणी, हे त्यांना कुणी सांगितलं नाही आणि पुढेही कधी सांगणार नव्हतं. ती माणसं वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत बाई उभ्या राहिल्या. मशीनवालाही उभा राहिला.

मग बाईंनी त्याला विचारलं, काल का नाही आलात? त्यानं कामाची सबब सांगितली. दोघांचेही घसे कोरडे पडले होते, बोळात पंखा नव्हता. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या की किडनी बसली की त्या पहिल्यांदा एक पूर्ण पेला पाणी पिणार आहेत, मोठा, काचेचा, आणि तो मध्ये न थांबता. असं काहीतरी त्या बोलतील असं त्याला कधी वाटलं नव्हतं. बाईंना तहान लागते हेच त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

अडीच वाजता डॉक्टर आले. ते बाईंसमोर गुडघ्यावर बसले. बाईंना आजाराच्या सुरुवातीला तीन-चार वेळा दुसऱ्याचं रक्त द्यावं लागलं होतं. त्यामुळे त्यांचं रक्त परक्या पेशींना सरावलं होतं, सावध झालं होतं. जुळत नव्हती. पुढेही जुळणं अवघड आहे, हे डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं, लपवलं नाही. मग ते उठले, मशीनवाल्याकडे वळले आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले की तुमची जुळते आहे, पण काल तुम्ही आला नाहीत, अंगात पाणी साचलंय, तेव्हा आधी दोन तास मशीनवर आणि मग ऑपरेशन.

बाई उठल्या आणि स्वच्छतागृहात गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. नळ चालू असल्याचा आवाज येत होता. मशीनवाला बायकोला म्हणाला, मला नको, त्यांना द्यायला सांग. बायको म्हणाली, अहो, ते काय आपल्या हातात आहे का? तो म्हणाला की मग मी घरी जातो. तिनं त्याचा दंड धरला आणि सोडला नाही.

बाई बाहेर आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि पदराचा काठ ओला होता. त्यांनी पिशवी उचलली. त्याच्याकडे न बघता त्या सिस्टरला म्हणाल्या, उद्या गुरुवार, मी नेहमीच्या वेळी येते. मग दोन पावलं जाऊन थांबल्या. तीन वर्षांत त्या त्याला कायम अहो-जाहो करत आल्या होत्या.

"जा तू," त्या म्हणाल्या. "उशीर करू नकोस."

ऑपरेशन नीट पार पडलं. नवी किडनी टेबलावरच कामाला लागली, असं नंतर डॉक्टरांनी सांगितलं. शुद्धीवर आला तेव्हा नळीतून पिशवीत पिवळं पाणी साठत होतं आणि एक नर्स त्या पिशवीकडे एखाद्या बाळाकडे बघावं तसं बघत होती. तीन वर्षांत ज्याला लघवी म्हणून झाली नव्हती, त्याच्या पिशवीची दर तासाला मोजणी होऊ लागली आणि आकडा ऐकून येणारा-जाणारा खूश होऊ लागला. आयुष्यात आपलं इतकं कौतुक कुणी केलं नाही, असं तो बायकोला म्हणाला. ती हसता हसता रडली. मग तिनं पाण्याचा पेला त्याच्या हातात दिला. डॉक्टरांचा हुकूम होता, भरपूर प्या. त्यानं अर्धा प्यायला आणि उरलेला त्याला जाईना.

पाचव्या दिवशी भाऊ आला. तोंडाला मास्क, पायात दवाखान्यानं दिलेली पिशव्यांसारखी मोजडी, पलंगाच्या पायथ्याशी उभा. मशीनवाल्याकडे तीन वर्षांची वाक्यं तयार होती. त्यानं मनात त्यांच्यावरून हात फिरवला आणि एकही उचलावंसं वाटलं नाही. जो देणं लागत होता त्यानं दिली नाही आणि ज्याचं नावही ठाऊक नाही त्यानं दिली, मग आता कोणत्या तोंडानं भांडायचं? शिवाय त्याच्यात ताकदही नव्हती. त्यानं स्टुलाकडे बोट केलं. भाऊ बसला. मुलीचं लग्न ठरल्याचं त्यानं सांगितलं, मुलगा काय करतो ते सांगितलं. किडनीबद्दल दोघंही बोलले नाहीत. पुढेही कधी बोलले नाहीत. येणंजाणं मात्र सुरू झालं, पूर्वीइतकं नाही, पण झालं.

घरी आल्यावर तीन महिने तो कुठे गेला नाही. सकाळी आठला आणि रात्री आठला गोळ्या, एक मिनिटही मागेपुढे नाही. जो माणूस साधा पाण्याचा नियम पाळत नव्हता, तो आता घड्याळाकडे डोळे लावून बसे. अंगात ताकद येत होती आणि मनात कसलाच उत्साह नव्हता. बायकोला हे समजेना. मंगळवार उजाडला की तो सकाळी साडेसहाला जागा व्हायचा, कपडे घालायचा आणि पुन्हा कॉटवर बसायचा. बाईंना फोन करावा असं रोज वाटे आणि रोज हात मागे येई. काय बोलणार? तब्येत कशी आहे विचारणार? तब्येत कशी आहे हे जगात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

शेवटी बायकोच एका गुरुवारी म्हणाली, "तुम्ही त्यांचं काही चोरलेलं नाही. पण असं तोंड लपवून बसलात तर चोरल्यासारखंच दिसेल."

तो गेला. तोंडाला मास्क लावून खोलीच्या दारात उभा राहिला. तोच वास, तोच यंत्रांचा टुकटुक आवाज. त्याच्या खुर्चीत एक तरुण बाई झोपली होती. बाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि पहिलं वाक्य बोलल्या ते हे, की तीन महिने लागले का वाट सापडायला. वजन उतरलं होतं त्यांचं. डोळ्यांखाली काळं झालं होतं. मांडीवर बायबल होतं, पण मिटलेलं.

तो स्टूल ओढून बसला. बोलायचं म्हणून ठरवून आलेलं सगळं विसरला आणि एकदम म्हणाला, "बाई, मी का? तुम्ही सगळं पाळलंत. मी आदल्या दिवशी दांडी मारली होती."

सिस्टर येऊन यंत्रावरचं बटण दाबून गेली. मग बाई हळूहळू बोलू लागल्या. आवाज दमलेला होता, शिकवण्याचा सूर त्यात राहिला नव्हता.

"एकतीस वर्षं मी मुलांना याकोबाची गोष्ट शिकवली. देवानं त्यालाच का निवडलं, ते लिहिलेलं नाही, असं सांगायचे. कृपा कमावता येत नाही, असं सांगायचे. सोपं होतं, कारण मी त्या सगळ्या वर्षांत स्वतःला याकोबाच्या बाजूला धरून चालले होते. एसावाचं मला कधी वाईटच वाटलं नाही. तो बिचारा शिकारीहून परत येतो, बापासाठी रांधून आणतो, आणि बाप म्हणतो, आशीर्वाद होता तो देऊन झाला. तो मोठ्यानं रडतो, म्हणतो मलाही द्या, माझ्यासाठी एकही ठेवला नाहीत का? हे मी दरवर्षी भरभर वाचून पुढे जायचे. पाठाला वेळ पुरायचा नाही ना."

मशीनवाल्यानं त्यांच्या मांडीवरून घसरणारं बायबल सरळ केलं.

"तुझ्यावर राग होता," त्या म्हणाल्या. "महिनाभर होता. तू आला असतास तर निदान समोरासमोर काढला असता. आता तोही थकला."

"आणि देवावर?"

"त्याच्यावर आहे अजून. पण बोलणं बंद केलेलं नाही." त्यांनी मान मागे टेकली. "तू माझं काही घेतलेलं नाहीस. ती माझी नव्हतीच. तुझीही नव्हती. तेव्हा माझ्याकडे माफी मागत बसू नकोस, मला त्याचा कंटाळा येतो. मिळालंय ते नीट सांभाळ, गोळ्या वेळेवर घे, आणि मला अकरा वाजता घरी सोड. रिक्षावाले माझ्यासाठी थांबत नाहीत."

त्यानं त्यांना घरी सोडलं. मग शनिवारीही सोडलं. डायलिसिसनंतर पाय कसे लटपटतात हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तो घाई करत नसे. दाराशी, जिन्याशी, दोन-दोन पायऱ्यांवर थांबत. दोन मजले चढायला पंधरा मिनिटं लागायची. वर बाईंची बहीण दार उघडून वाट बघत असायची. हा कोण, हे तिला माहीत होतं. पहिल्या दिवशी तिनं त्याला आत बोलावलं नाही. तिसऱ्या आठवड्यात बोलावलं. चहा पुढे ठेवला, पण त्याच्याशी बोलली नाही, आणि त्यालाही ते वावगं वाटलं नाही.

असं दोन वर्षं चाललं. त्यानं एकही खेप चुकवली नाही, आणि हे सांगताना त्याला स्वतःचंच हसू येई, कारण स्वतःच्या जिवासाठी जे जमलं नव्हतं ते आता आपोआप होत होतं. ऋण फेडतोय का, असं एकदा भावानं विचारलं. तो म्हणाला की छे, फेडता येण्यासारखं काही नाहीये, मला तिथे जावंसं वाटतं. ते खरंच होतं. खुर्चीशेजारी बसून तो आता बाईंना वाचून दाखवायचा, कारण त्यांची नजर मंदावली होती. अडखळत वाचायचा. त्या मध्येच उच्चार दुरुस्त करायच्या. कधी त्याला वाचू द्यायच्या नाहीत, नुसतं बसायला सांगायच्या. एकदा त्यानं मफीबोशेथचं वाचू का विचारलं, तर त्या म्हणाल्या, आज नको, आज मला कुणाच्याच जेवणाचं ऐकायचं नाही. त्यानं पुस्तक मिटलं.

आणखी एकदा बाईंसाठी फोन आला होता. त्या वेळीही जुळली नाही. त्या दिवशी जिना चढताना त्या एका पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या की आता पुन्हा बोलावलं तर मी जाणार नाही, मला ती वाट बघणं झेपत नाही. तो शेजारी बसला. वरून बहिणीनं हाक मारली, काय झालं? काही नाही, दम खातोय, असं त्यानंच उत्तर दिलं.

त्या एका रविवारी दुपारी घरीच वारल्या, बहीण शेजारच्या खोलीत कपडे घड्या करत असताना. अंत्यविधीला चर्च भरलं होतं. त्यांनी शिकवलेली माणसं आली होती, काहींचे केस पांढरे झालेले. मशीनवाला एकोणीस वर्षांनी आत शिरला आणि मागच्या बाकावर बसला. पाळकांनी सांगितलं की बाईंना त्यांच्या निष्ठेचं फळ मिळालं. त्याला ते खटकलं. एवढी निष्ठा आणि हे फळ, असं त्याच्या मनात आलं, आणि मग आणखी एक गोष्ट आली, की बाईंनी इथे पाळकांना थांबवून दुरुस्त केलं असतं. नेमकं काय म्हणाल्या असत्या ते त्याला कळेना. तो दफन संपेपर्यंत थांबला आणि बहिणीला घरी सोडून आला. त्या दिवशी ती पहिल्यांदा त्याच्याशी बोलली. तिच्या शिवणाच्या मशीनचा पट्टा तुटून चार वर्षं झाली होती, बाईंनी सांगू नकोस म्हणून बजावलं होतं, त्याला वाटेल आपण कामं काढतोय. त्यानं दुसऱ्याच दिवशी जाऊन पट्टा बसवला.

आता त्या किडनीला नववं वर्ष चालू आहे. ती पूर्वीसारखी जोमात नाही, रक्ताच्या तपासणीतले आकडे हळूहळू वर सरकतायत, आणि डॉक्टरांनी सांगितलंय की कधीतरी पुन्हा खुर्चीची पाळी येईल. त्यालाही ते ठाऊक आहे. तो रविवारी चर्चला जातो, नेहमी नाही, आणि गेला तर मागच्या बाकावर बसतो. कुणी विचारलं की तुम्ही श्रद्धाळू झालात का, तर त्याला नीट सांगता येत नाही. आभार मानायचे असतात, एवढं तो म्हणतो, आणि ते मानताना डायलिसिसच्या खोलीत जिथे बाई बसायच्या त्या खुर्चीकडे पाठ करता येत नाही.

मध्यंतरी तपासणीला गेला असताना लिफ्टपाशी एक बाई भेटली. डायलिसिसला नवीनच लागलेली, हातावर ताजी पट्टी, बरोबर कुणी नाही. कुणीतरी तिला सांगितलं होतं की या माणसाला किडनी मिळाली आणि ती अजून चालते. तिनं त्याला गाठलं आणि विचारलं की तुम्ही काय केलंत, कुणाला भेटलात, कुठे अर्ज केला, पथ्य कोणतं पाळलंत?

"काही नाही केलं," तो म्हणाला. "फोन आला."

तिचा विश्वास बसला नाही. काहीतरी लपवतोय, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली. लिफ्ट आली आणि गेली. त्याला दुसरं उत्तर देता येईना आणि तिला तसं सोडून जाताही येईना. शेवटी त्यानं विचारलं, घरी कशा जाणार? ती म्हणाली, बघते, रिक्षा मिळाली तर. तिचे पाय लटपटत होते. त्यानं तिची पिशवी हातात घेतली आणि म्हणाला, चला, सावकाश, घाई नाही.